वीस फूट

नगरपंचायतीने मला तीन वस्तू दिल्या.
कार्बनसकट पावतीपुस्तक,
एक शिट्टी, जी मी कधी वाजवली नाही,
आणि तीस मीटरची टेप.
टेपचं टोक खाऱ्या हवेने खाल्लंय,
पहिले दोन इंच दिसत नाहीत,
ते मी अंदाजाने धरते.

उपविधी सांगतो,
म्हणजे आमचा गावापुरता कायदा,
एका मंगळवारी चहा येण्याआधी मंजूर झालेला,
की धंद्याच्या दारापासून वीस फुटांत जे पडेल
ते धंद्याचं.
कुणी टाकलं, विचारायचं नाही.
आधी समज, मग नोटीस, मग पाचशे रुपये,
मग परवाना.
परवान्यापर्यंत देवगडात अजून कुणी पोचलेलं नाही.

पवनचक्क्यांच्या रस्त्याला
सायरा होडेकरचं सरबताचं दुकान.
कोकम, आवळा, लिंबू-सोडा,
आणि पर्यटकांनी चावून चपट्या केलेल्या नळ्या.
मी उकिडवी बसून टेप लावते,
दुसरं टोक तिच्याच हातात देते.
दंड ज्याला व्हायचा त्यानेच टेप धरायची,
माझ्यासोबत दुसरं माणूस मंजूर नाही.

"ह्यो पुडो माजो न्हय," सायरा म्हणते,
"मी वेफर इकतंय खंय?
वाऱ्यान हाडल्यान. वाऱ्याची पावती फाडा."

वर तीन पाती सावकाश फिरतात.
पावतीवर 'राहणार' असा रकाना आहे,
तो कोरा सोडता येत नाही.

समोर विश्राम जुवाटकरांची खानावळ.
जुवाटकर कायदा पाळणारे.
त्यांनी दारापासून वीस फुटांवर
चुन्याची रेघ मारून घेतली,
रोज सकाळी रेघेपर्यंत झाडतात
आणि रेघेपाशी आल्यावर
खराटा जरासा पुढे रेटतात.

मी दोन्ही दारांमधलं अंतर मोजलं. सेहेचाळीस.
पुन्हा मोजलं. सेहेचाळीस.
वीस सायराचे, वीस जुवाटकरांचे,
मधले सहा फूट
कुणाच्या नावावर नाहीत.
सगळं तिथेच येऊन बसतं.
त्यावर एक पिवळं कुत्रं झोपतं, सुखात.

मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं,
सदर सहा फूट कोणाचे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.
बावीस दिवसांनी शेरा आला,
'आपले स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी.'

माझा स्तर कोणता ते बघायला
मी संध्याकाळी तिथे काठीने उकरलं.
सगळ्यात वर मे महिन्यातले कागदी ग्लास.
त्याखाली दिवाळीच्या सुट्टीतल्या पाण्याच्या बाटल्या,
एका लहान मुलाची एकच चप्पल,
त्याखाली सोड्याची बुचं, गंजून एकमेकांना धरलेली,
मग वाळू,
आणि वाळूत एक कालवाचं शिंपलं,
त्याच्यावर कुणाचा ब्रँड नव्हता.

सायराकडून खराटा मागून आणला.
कुत्र्याला उठवलं, ते नाखुशीने
चुन्याच्या रेघेपलीकडे जाऊन झोपलं,
जुवाटकरांच्या हद्दीत.
जुवाटकर दारात उभे होते. काही बोलले नाहीत.
हात धुतलेल्या माणसासारखे
लुंगीला हात पुसत राहिले.

तिसऱ्या ढिगात गुलाबी कागद सापडला, चार घड्यांचा.
पावती क्रमांक सत्त्याऐंशी.
रुपये पाचशे फक्त.
नाव: वि. जुवाटकर.
खाली माझी सही,
तेव्हा नवी होती, जरा ऐटीत काढलेली.

त्यांच्याकडे वर पाहिलं नाही.
उपविधीत आहेच,
कुणी टाकलं, विचारायचं नाही.
पावती पर्समध्ये ठेवली,
टेप गुंडाळली. गुंडाळताना दरवेळी
ते न दिसणारे दोन इंच बोट कापतात.

सायरा सोडा घेऊन आली,
काचेच्या ग्लासात,
आणि ग्लास परत न्यायला
मी पिऊन होईपर्यंत
तिथेच उभी राहिली, मधल्या सहा फुटांत.